उजवीकडून वाचलेलं यंत्र

गफारमियाँनी त्या दिवशी एवढंच ठरवलं होतं, की हात पुसायला रद्दीतला एखादा जाड कागद घ्यायचा. रॉकेलनं बरबटलेले हात वर्तमानपत्राच्या पातळ कागदानं स्वच्छ होत नाहीत, हे स्टो दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा. त्यांनी तो कागद घेतला नसता, तर वैशाखातल्या त्या रविवारी उमरग्याची अर्धी गल्ली रडली नसती. बरं, घेतला तर घेतला, हात पुसून टाकून द्यायचा. तेही केलं नाही. उघडून बघितला.

सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं. स्टो, कंदील, गॅसबत्ती, जे जे म्हणून पेटायचं सोडून नुसतं फुरफुरतं ते सगळं तिथं येई. शेजारी पंचाक्षरींचं किराणा दुकान. पुड्या बांधायची रद्दी पंचाक्षरी हैदराबादेहून मागवत आणि बिराप्पा ड्रायव्हर ती ट्रकमधून आणून टाकी. या खेपेला तिच्यात चार रंगीत पुस्तकं निघाली. पानापानावर चौकटी, चौकटीचौकटीत चित्रं.

"सिकंदराबादचा एक साहेब बदली होऊन गेला, त्याच्या घरची रद्दी हाय," बिराप्पानं सांगितलं. "अमेरिकेत म्हणं एका पेटीत चित्रं हलत्यात, बोलत्यात. पुढं शंभर वर्सांनी माणसं कशी ऱ्हातील, त्याचा हसायचा खेळ हाय. त्या खेळावरनं काढलेली ही पुस्तकं. म्हैन्याला एक निघतं."

गफारमियाँनी हे सगळं ऐकलं आणि त्यातलं अमेरिका एवढंच मनावर घेतलं. इतका गुळगुळीत कागद अमेरिकेनं नुसता हसण्यासाठी खर्च केला असेल, हे त्यांना पटेना.

आता थोडं त्यांच्या शिक्षणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा शिक्षणानंच केला. गफारमियाँ निजामाच्या काळात उर्दू चौथी पास झाले होते, तेही पहिल्या नंबरानं. तेव्हा चौथी पास माणसाकडं लोक अर्ज लिहून घ्यायला येत आणि जाताना वाकून सलाम करत. मग निजाम गेला, संस्थान गेलं, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला (गफारमियाँ मात्र दुकानातल्या स्टुलावरून हलले नव्हते), आणि बघता बघता सगळंच डावीकडून उजवीकडं जायला लागलं. कचेरीतले अर्ज, एसटीच्या पाट्या, रस्त्यावरचे मैलाचे दगडसुद्धा. मराठी त्यांना वाचता येई, पण अक्षराला अक्षर लावून. पहिला नंबर आलेल्या माणसाला हे लागतं. ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण लागतं ते लागतंच. दुकानाची पाटी त्यांनी उर्दूतच ठेवली होती. ती वाचणारी माणसं गावात वर्षाला चार-दोन कमी होत होती. पाटी बदला, असं कुणी सुचवलं की ते म्हणत, "ज्याचा स्टो बिघडलाय त्यानं वासावर यावं."

तर अशा माणसानं ते पुस्तक उजवीकडून उघडलं. पुस्तक उजवीकडूनच उघडतं, त्यात विचार कसला करायचा?

तारकांच्या मधोमध साखळीनं बांधलेलं एक घर होतं. त्यात एक मिशाळ नवरा, त्याची लठ्ठ बायको, एक म्हातारी आणि तीन पायांचा लोखंडी नोकर. माणसांच्या तोंडातून पांढरे फुगे निघत होते आणि फुग्यांत इंग्रजी होतं. फुग्यांकडं गफारमियाँनी लक्ष दिलं नाही. चित्रं पुरेशी होती. उजवीकडच्या पहिल्या चौकटीत घराचा पार उकिरडा झालेला, नवरा-बायको धाय मोकलून रडतायत, लोखंडी नोकर उलटा पडलाय आणि म्हातारीच्या डोक्यावर पातेलं. दुसऱ्या चौकटीत घरभर लाल ढग. तिसरीत एक यंत्र आणि बायको त्याचं तांबडं बटण दाबतीय. चौथीत नवरा ते यंत्र उचलून दारात उभा. शेवटच्या चौकटीत लख्ख स्वयंपाकघर आणि सगळे हसत जेवायला बसलेले.

गफारमियाँचे हात तसेच रॉकेलचे राहिले. लाल ढग आणि डोळ्यांतून पाणी. त्यांना कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. ही अमेरिकेतली माणसं मिरची कुटत होती.

मिरचीचं दुखणं त्यांच्या घरचंच होतं. दर उन्हाळ्यात हसीनाबी वर्षाची सात शेर मिरची उखळात कुटायची (किलो येऊन दोन वर्षं झाली होती, पण हसीनाबीच्या उखळापर्यंत ते पोचले नव्हते). गेल्या साली कुटताना तिला असा ठसका लागला, की चार दिवस ती भिंतीला टेकून बसून होती. तिच्या छातीतली शिट्टी ऐकत गफारमियाँ चार दिवस दुकानाकडं फिरकले नव्हते. जगातल्या सगळ्या फुरफुरणाऱ्या वस्तू आपण नीट करतो आणि घरातली ही एक आपल्याला करता येत नाही, याची त्यांना शरम वाटली होती. आणि इथं हातात उपाय छापून आलेला.

त्यात मुनवरभाईंचा निरोप येऊन पडला होता. मुनवरभाई म्हणजे हसीनाबीचे थोरले भाऊ. सोलापुरात चादरींचं दुकान, बोटात दोन अंगठ्या आणि सल्ल्यांचा अखंड साठा. निरोप असा, की उमरग्यात विजेचे खांब उभे राहिले आहेत, कंदिलाचे दिवस संपले. गफारमियाँनी दुकान बंद करून सोलापूरला यावं आणि चादरींच्या घड्या घालाव्यात. रविवारी जवाब घ्यायला येतो.

"मी घड्या घालणार न्हाय," गफारमियाँ म्हणाले.

"मी तरी कुठं वहिनीच्या हाताखाली भांडी घासायला बसलेय," हसीनाबी म्हणाली. "पण भाईला नुसतं न्हाय म्हणून चालतंय व्हय? वीज आल्यावर काय करणार, ते दाखवा काही तरी." (दोघं घरात दखनीत बोलत. इथं मराठीत दिलं आहे. भांडणाचा अर्थ दोन्हींत सारखाच होतो.)

"दाखवतो," ते म्हणाले आणि पुस्तक काढलं.

हसीनाबीनं चित्रं बघितली. मग बराच वेळ नवऱ्याकडं बघितलं. लग्नाला वीस वर्षं झालेली असली की असं बघताना बोलावं लागत नाही.

"मिरची देते," शेवटी ती म्हणाली. "पण सात शेरच हाय. उडाली तर वर्सभर फिक्कं खायचं, आणि सोलापुरात जाऊन खायचं."

एवढी शर्त लागल्यावर माणसानं जरा चौकशी करावी की नाही? चौकशी आपल्या पायांनी चालत आली. पंचाक्षरी आपली रद्दी परत मागायला आले आणि त्यांनी तेच पान बघितलं. त्यांचं शिक्षण कन्नड शाळेत झालं होतं. ते डावीकडून सुरू झाले.

"गफारभाई, ही माणसं चांगली हसत जेवत होती की," ते म्हणाले. "मग ह्यो मिशाळ कुठनं तरी यंत्र घेऊन आला. बायकोनं बटण दाबलं. धूर झाला, घराचं वाटोळं झालं आणि आता रडत बसलीत."

"तू उलटं बघतोयस."

"मी सरळ बघतोय. तूच उलटा हायेस."

"पंचाक्षरी, माणूस आधी रडतो का आधी हसतो? जन्माला येताना काय करतो?"

पंचाक्षरींनी पान पुन्हा डोळ्यांजवळ धरलं.

"मग मला एक सांग," पंचाक्षरी म्हणाले. "बटण आधी दाबलं आणि यंत्र मागनं दारात आलं? ते कसं?"

"काम झालं, आता शेजाऱ्याला द्यायला निघालाय. माणुसकी हाय त्यांच्यात. तुझ्यासारखी रद्दी परत मागायला येत न्हाईत ती."

"अरे, ती लिपी डावीकडनं हाय."

हे मात्र जिव्हारी लागलं. गफारमियाँ स्टुलावरून उठले. "अर्ज डावीकडनं लिहिले, ऐकलं. पाट्या डावीकडनं लावल्या, ऐकलं. आता चित्रंसुद्धा डावीकडनं बघू? चित्राला कसली लिपी? माझे डोळे अजून माझे हायेत. मी उजवीकडनंच बघणार आणि उजवीकडनं बघूनच यंत्र करणार. रविवारी ये. रडलेली माणसं हसवून दाखवतो."

"येतो," पंचाक्षरी म्हणाले. "हसायला तर येतोच."

आठ दिवस दुकानातल्या स्टोंना कुणी वाली राहिला नाही. गफारमियाँनी भंगारातून एका सायकलचं मागचं अंग आणलं, पायडल आणि साखळीसकट. पत्र्याचा एक उभा डबा घेतला आणि त्याच्या आत लोखंडाची चार धारदार पाती बसवली. पायडल मारलं की पाती गरागरा फिरत. पण चित्रातल्या यंत्राला पुढं एक नळकांडंही होतं. पूड त्यातून आपोआप बाहेर यायला हवी, म्हणजे आतून वारा हवा. म्हणून लोहाराच्या भट्टीचा जुना पंखा आणून डब्याच्या बुडाशी जोडला आणि तोही त्याच साखळीवर घेतला. तांबडं बटण काही मिळेना. त्या जागी त्यांनी सायकलची घंटी लावली आणि तिला अशी तार जोडली, की घंटी वाजली की पंखा अडवून धरणारी खिटी सुटावी. नळकांड्याच्या तोंडाशी हसीनाबीचं पिठाचं पातेलं. यंत्र चालवायला पुस्तकात तीन पायांचा लोखंडी नोकर होता. इथं दोन पायांचे गफारमियाँ होते.

एक गोष्ट खरी, की हात त्यांचा चांगला होता. साखळी लोण्यासारखी फिरत होती. जे केलं ते नीट केलं होतं, फक्त ते करायला नको होतं.

रविवारी मुनवरभाई अकराच्या एसटीनं आले. पांढराशुभ्र सदरा, दोन अंगठ्या. बसता बसता त्यांनी दुकानाच्या पाटीवर, वैशाखावर आणि उमरग्यावर मत दिलं. पंचाक्षरी आले. आणखी एकजण आला, जवळच्या खेड्यातला रामलिंग. तो बिचारा आपला कंदील न्यायला आला होता, पण दुकान बंद दिसलं म्हणून घरी आला आणि बैस म्हटल्यावर बसला. त्याची ज्वारी मळून खळ्यात पडली होती आणि वारा पडल्यामुळं उधळून कोंडा काढता येत नव्हता. त्यामुळं त्याला घाई नव्हती.

यंत्र अंगणात होतं. शेवटच्या क्षणी गफारमियाँच्या मनात आलं, की बाहेर वाऱ्याची झुळूक आली तर पूड उडून वाया जाईल. म्हणून सगळ्यांनी मिळून यंत्र उचलून माजघरात आणलं आणि खबरदारी म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली, दारही लोटून घेतलं. (ही खबरदारी पुस्तकात नव्हती. ही त्यांची स्वतःची.)

हसीनाबीनं साती शेर मिरची डब्यात ओतली आणि बाहेर गेली. नाकाला ओला पदर लावून ती अंगणात पार कडेला, कडुनिंबाखाली जाऊन बसली.

"तू बघणार न्हाय?" गफारमियाँनी आतून विचारलं.

"मी शेवटचं चित्र बघायला येते," ती म्हणाली.

गफारमियाँ पायडल मारायला बसले. मिरचीचा कडकडाट ऐकू येऊ लागला आणि हळूहळू त्याची सळसळ झाली. मुनवरभाईंच्या भुवया वर गेल्या. खरंच, दोन मिनिटं ते यंत्र चाललं. ती दोन मिनिटं गफारमियाँच्या आयुष्यातली फार मोठी होती. मुनवरभाई "अरे वा" म्हणाले, रामलिंग पुढं सरकला, पंचाक्षरींनी डब्याला कान लावला. उर्दू चौथी पास माणूस अमेरिकेचं यंत्र चालवत होता आणि त्याच्या बायकोच्या छातीत शिट्टी वाजत नव्हती.

"आता बघा मुनवरभाई," ते म्हणाले आणि घंटी वाजवली.

खिटी सुटली. भट्टीचा पंखा लोखंड लाल करायच्या ताकदीनं फिरला. पातेलं जागच्या जागी गरकन वळलं आणि पुढच्या क्षणी मुनवरभाईंच्या मांडीत जाऊन बसलं, कारण वाऱ्याला पातेल्याशी काही कर्तव्य नव्हतं. साती शेर मिरची वस्त्रगाळ होऊन हवेत गेली. माजघरात लाल ढग झाला.

"बंद कर," पंचाक्षरी ओरडले.

"खिटी—" एवढंच गफारमियाँ म्हणू शकले. खिटी सुटते कशी हे त्यांनी ठरवलं होतं. लागते कशी, ते पुस्तकात नव्हतं, आणि पाय थांबले तरी पंखा आपल्या वेगानं फिरतच राहिला.

त्यानंतर चौघांनी एकाच वेळी दार शोधलं. दार आतल्या बाजूला उघडत होतं आणि चौघं ते बाहेर ढकलत होते. मुनवरभाईंनी पातेलं डोक्यावर घेतलं होतं, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नाही. रामलिंग आपल्या कुलदैवताला हाक मारू लागला, पण शिंकेमुळं नाव अर्ध्यावरच राही. शेवटी बाहेरून हसीनाबीनं येऊन दाराला एक धक्का दिला आणि चौघं आतल्या आत मागं कोसळले. दाराबरोबर ढगही मोकळा झाला. तो अंगणातून गल्लीत गेला आणि पंचाक्षरींच्या घरापर्यंत पोचला. तिथं त्यांची बायको शांतम्मा देवापुढं बसली होती. पूजा सोडून ती शिंकत बाहेर आली आणि नवऱ्याचं नाव न घेता त्याला जे बोलायचं ते बोलली. चार घरांमधून माणसं डोळे पुसत रस्त्यावर आली. हैदराबादेकडं निघालेला एक ट्रक थांबला, कोण गेलं ते विचारायला.

कडुनिंबाखाली चौघं ओळीनं बसले. हसीनाबीनं सगळ्यांच्या डोळ्यांवर ताकात भिजवलेल्या चिंध्या ठेवल्या. ताक तिनं सकाळीच करून ठेवलं होतं.

बऱ्याच वेळानं मुनवरभाईंनी चिंधी उचलली. सदरा आता पांढरा नव्हता. "गफारमियाँ," ते हुंदका देऊन म्हणाले, "तुम्ही इथंच बरे. माझ्या दुकानात चादरी हायेत. चादरी पेट घेतात." आणि दोनची एसटी चार वाजता येते हे माहीत असूनही ते एकला स्टँडवर जाऊन बसले.

मग रामलिंग खाकरला. "गफारभाई, तेवढा पंखा मला मिळंल का? अशी ताकद म्या बघितली न्हाय. माझी जवारी एका दुपारात उधळून हुईल."

"हे मिरचीचं यंत्र हाय," गफारमियाँ चिंधीखालून म्हणाले. "जवारीचं न्हाय."

"मिळंल," हसीनाबी म्हणाली. "पंखा आन् पायडल, दोन्ही. उद्याच सकाळी गाडी घेऊन या. तुमच्या गावात आणखी कुणाची ज्वारी पडून असंल तर त्यांनाबी सांगा."

पंचाक्षरींनी ओसरीवर पडलेलं ते पुस्तक उचलून आणलं. त्यांचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते, पण त्यांना राहवेना. त्यांनी पान गफारमियाँपुढं धरलं. "आता बोल. डोक्यावर पातेलं. लाल ढग. रडणारी माणसं. डावीकडनं का उजवीकडनं?"

कुठलाही शहाणा माणूस इथं हरला असता. गफारमियाँनी चिंधी काढली, डोळे जेवढे उघडत होते तेवढे उघडले आणि त्या पानावर रॉकेलचं बोट ठेवलं.

"उजवीकडनं," ते म्हणाले. "रडणं झालं, ढग झाला, बटण झालं. आता यंत्र दुसऱ्याच्या दारात निघालंय. रामलिंगला विचार. सोलापूरला मी जात न्हाय. एकच चौकट राहिलीय, हसून जेवायची. बघ, मोजून बघ."

पंचाक्षरींनी खरंच मोजलं. चौकटी बरोबर निघाल्या, तेव्हा ते पुस्तक तिथंच टाकून घरी गेले. (शांतम्माकडं जायला त्यांना तसाही उशीर झाला होता.)

गफारमियाँनी विजयानं बायकोकडं पाहिलं. हसीनाबीनं पुस्तक उचललं, शेवटची चौकट नीट बघितली आणि म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. वाचलंत तेच झालं. पण या चित्रात घर लख्ख हाय."

"हाय ना."

"ते लख्ख कुणी केलं, ते छापलेलं न्हाय." आणि तिनं कोपऱ्यातली केरसुणी त्यांच्या हातात दिली. "सात शेर. सगळी गोळा करायची. मग जेवायला बसू, हसायचं का ते नंतर बघू."

गफारमियाँ केरसुणी घेऊन माजघरात गेले. वारा आठ दिवस पडलेला होता, तो नेमका आता सुटला होता आणि उजवीकडच्या खिडकीतून, जी हसीनाबीनं नुकतीच उघडली होती, सरळ आत येत होता. जमिनीवर बोटभर लाल थर.

"अजी, उजवीकडच्या भिंतीकडं लोटू नका," ती दारातून म्हणाली. "वारा तिकडनं येतोय. उजवीकडनं सुरू करा आणि डावीकडं न्या."

गफारमियाँचा हात थांबला. उजवीकडून सुरू करायला त्यांची काहीच हरकत नव्हती. जन्मभर तेच केलं होतं. पण ते बायकोनं सांगितलं होतं, आणि आजच्या दिवशी दुसऱ्यानं सांगितलेलं काहीही ऐकायचं नाही, असा त्यांचा निश्चय अजून कायम होता.

त्यांनी कंबर वाकवली, आयुष्यात पहिल्यांदाच डावीकडून सुरुवात केली आणि सगळी मिरची आपल्याच तोंडावर घेतली.